एक कप म्हणजे नेमकं किती?

मैद्याच्या डब्यात कप खुपसला, गच्च भरून वर काढला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला. आता तो वजनकाट्यावर ठेवू. कपाचं वजन वगळून मैदा भरतो साधारण १५० ग्रॅम.

तोच मैदा आधी हलवून मोकळा करू, चमच्याचमच्याने त्याच कपात सोडू आणि न दाबता सपाट करू. काटा थांबतो १२० ग्रॅमच्या आसपास. कप तोच, मैदा तोच, फरक मात्र ३० ग्रॅमचा. दोन-तीन कप मैद्याचा केक असेल तर हा फरक साठ ते नव्वद ग्रॅमपर्यंत जातो. केक कोरडा होतो, वरून तडकतो आणि बिचाऱ्या ओव्हनला बोल लागतो.

कप जागा मोजतो, वजन नाही. एका कपात पाणी साधारण २४० ग्रॅम मावतं, साखर २००, लोणी २२७ आणि मध जवळपास ३४० ग्रॅम. त्यात कपही सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा. छोटा मापाचा चमचा ५ मिलिलिटरचा. मोठा बहुतेक ठिकाणी १५ चा, ऑस्ट्रेलियात २० चा. म्हणून पाककृती कुठली आहे, ते आधी बघावं.

काटा सपाट, टणक ओट्यावर ठेवा. रिकामं भांडं ठेवून ‘टेअर’चं बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो. एक जिन्नस घातला की पुन्हा शून्य, मग पुढचा. धुवायला एकच भांडं, हा फायदाही लहान नाही. पण २-३ ग्रॅम यीस्ट किंवा सोडा यावर मोजू नका. एकेक ग्रॅम दाखवणारा काटा इतक्या कमी वजनाला सहज चुकतो. तिथे मापाचा चमचाच बरा, काठोकाठ सपाट केलेला. मिठाला मात्र चमचाही फसवतो. बारीक मीठ छोटा चमचाभर घेतलं तर सुमारे ६ ग्रॅम भरतं, जाड खड्यांचं कधीकधी निम्मंच.

पातळ पदार्थ मापाच्या जगमध्ये ओतून जग ओट्यावरच राहू द्या आणि स्वतः वाका. पाणी काचेला कडेने किंचित वर चढतं, त्यामुळे मधली खालची पातळी वाचायची.

कपातली जुनी, हाताला बसलेली पाककृती टाकून द्यायची गरज नाही. पुढच्या खेपेला नेहमीसारखाच कप भरा, ओतण्याआधी काट्यावर ठेवा आणि कपाचं वजन वगळून आलेला आकडा पेन्सिलीने शेजारी लिहा.