वाटीतले तीस चिंचोके

(पडद्यावर: स्टीलची वाटी. मूठभर चिंचोके वाटीत पडतात. आवाज तसाच राहू द्यावा.)

या टेबलावरच्या युद्धखेळात तीस चिंचोके म्हणजे एक मॅगझिन, रायफलीच्या तीस गोळ्या. टेबलावर अशा पाच वाट्या आहेत आणि प्रत्येक वाटीमागे कागदाच्या दोन पुड्या, राखीव.

कोल्हापूर, मंगळवार पेठ. माडीवरच्या या टेबलावर ए-थ्री आकाराचा कागद अंथरलाय. कागदावर मसाई पठार. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पसरलेला तोच जांभ्याचा सडा, फक्त कडेला एक काल्पनिक रेडिओ मनोरा उभा केलाय. पहारेकरी सहा, कमांडो पाच. मनोरा बंद पाडायचा आणि पाचही जणांनी परत यायचं.

टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये, म्हणजे फासे आणि नियमपुस्तक घेऊन पात्रं वठवायच्या खेळात, लष्करी कॅम्पेन, म्हणजे मोहिमांची मालिका, ठरलं की ग्रुप आधी बंदुकांची यादी उघडतो. कुठल्या पुस्तकात किती रायफली, किती ग्रेनेड. सिस्टीमची, म्हणजे नियमसंचाची, निवड इथेच फसते, कारण यादी कुठल्याही पुस्तकाला जोडता येते. आधी बघायचं ते असं, की गोळी सुटल्यावर टेबलावर काय घडतं? ती मोजली जाते का? समोरचा दबकतो का? पडलेल्याला उचलायला कुणाला तरी आडोसा सोडावा लागतो का?

हाताशी बहुतेकांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स असतं, तलवारी आणि ड्रॅगनांच्या दुनियेतली सिस्टीम. त्याच्या 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आधुनिक बंदुकाही आहेत. ऑटोमॅटिक रायफलचा मारा 2डी8, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे, सरासरी 9. पाचव्या लेव्हलच्या फायटरचे, म्हणजे लढवय्या पात्राचे, हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) 44 च्या घरात. नेमबाजाचा बोनस धरला तरी तीन गोळ्या खाऊन माणूस उभाच. मग रायफल रोखलेली असतानाही खेळाडू सरळ मैदानातून धावत सुटतो, आणि नियमांच्या हिशेबाने त्याचं काही चुकत नाही. ड्रॅगनसमोर हे शोभतं. मनोऱ्यासमोर डावपेचच संपतात.

(पडद्यावर: कागदावर पट्टी. पेन्सिलीने एकेक इंचाच्या खुणा.)

म्हणून एकच कागद, एकच चकमक आणि तीन सिस्टीम. कागदाची लांबी सोळा इंचांच्या थोडी वर.

पहिली सिस्टीम गर्प्स. तिच्यात एक घर, इथे एक इंच, म्हणजे एक यार्ड. सगळा कागद सोळा यार्डांचा, मनोऱ्याचं अंगण तेवढं मावतं. एक फेरी एका सेकंदाची. साध्या माणसाचे हिट पॉइंट 10, आणि 5.56 मिलिमीटरच्या असॉल्ट रायफलची एक गोळी सहा बाजूंच्या पाच फाशांची, सरासरी साडेसतरा. एका गोळीत माणूस आडवा, हे पटतं. पण अकरा जणांची दहा सेकंदांची चकमक म्हणजे एकशे दहा पाळ्या. गर्प्स लाइट बत्तीस पानांचं आहे, फुकट मिळतं. सुरुवात त्यावरच करावी. पहिल्याच दिवशी ऐच्छिक नियमांची सगळी पुस्तकं उघडली की संध्याकाळपर्यंत मनोऱ्याचं दारही दिसत नाही.

(पडद्यावर: पत्त्यांचा जोड पिसला जातो. जवळून.)

दुसरी सिस्टीम सॅव्हेज वर्ल्ड्स. तिच्यात पाळी ठरते ती आपल्या नेहमीच्या पत्त्यांवर. दर फेरीला नवं पान. एक्का आधी, दुर्री शेवटी. पान सारखं आलं तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने. जोकर आला तर हवं तेव्हा उठायचं आणि फेकीत दोन जास्त. पत्ते वाटता वाटताच टेबल तापतं. फासा टाकायचा, 4 किंवा वर आले की जमलं. नायकाला कौशल्याच्या फाशाशिवाय सहा बाजूंचा वाइल्ड डाय मिळतो आणि दोन्हींतला सरस धरतात. आठ बाजूंचा फासा असलेला कमांडो साध्या नेमाने 81 टक्के वेळा साधतो. सहा बाजूंचा एकच फासा असलेला पहारेकरी 50 टक्के. शिवाय पहारेकरी एका जखमेत खलास, त्यामुळे सहाचे सोळा झाले तरी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेममास्टर, दमत नाही.

पण कागदाकडे बघा. इथे एक इंच म्हणजे दोन यार्ड आणि एम-16 चा जवळचा पल्ला 24 इंच. सोळा इंचांच्या कागदावर सगळे सगळ्यांच्या जवळच्या पल्ल्यात, अंतराला अर्थ राहत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. प्रमाण बदलायचं, एक इंच म्हणजे दहा यार्ड असं आधीच जाहीर करायचं आणि पल्ले व धाव दोन्ही पाचाने भागायची. फक्त पल्ले भागले आणि धाव विसरली की कमांडो जीपपेक्षा जोरात पळतात. ज्यांना सिनेमासारखी धडाकेबाज मोहीम हवी आहे, त्यांनी इथेच थांबावं. उत्तम सिस्टीम आहे.

(पडद्यावर: षटकोनी घरांचा कागद. तीन फासे पडतात. पाच, दोन, सहा.)

तिसरी सिस्टीम ट्वायलाइट: 2000. पहिली आवृत्ती 1984 ची. टेबलावर आहे ती चौथी, 2021 ची. या आवृत्तीतला खेळ तिसऱ्या महायुद्धानंतरच्या पोलंडमध्ये किंवा स्वीडनमध्ये घडतो, नियम मात्र पठारावरही तसेच लागू पडतात. एक षटकोन दहा मीटरांचा. आता हाच कागद एकशे साठ मीटर रुंद झाला. सडा, ओढा, मनोरा सगळं मावलं, आणि मधल्या उघड्या जागेची पहिल्यांदा भीती वाटायला लागली.

गुण आणि कौशल्य यांना ए ते डी अशा श्रेणी. ए म्हणजे बारा बाजूंचा फासा, बी दहाचा, सी आठचा, डी सहाचा. दोन्ही फासे एकत्र टाकायचे. 6 किंवा वर म्हणजे यश, 10 किंवा वर दोन यशं. बी आणि सी असलेल्या नेमबाजाला 69 टक्के संधी, डी आणि डी असलेल्याला 31.

त्यासोबत दारूगोळ्याचे फासे. रायफलीच्या मर्यादेपर्यंत हवे तेवढे घ्या. आत्ता पडलेत पाच, दोन, सहा. सहामुळे मारा वाढला. बेरीज तेरा. वाटीतून तेरा चिंचोके बाहेर.

(पडद्यावर: बोटं मोजताना. निवेदन थांबवावं.)

नेम चुकला तर फासे पुन्हा टाकता येतात, फक्त एक आलेले सोडून. त्या दुसऱ्या फेकीची किंमत शस्त्र मोजतं: जितके एक, तितकी रायफलीची विश्वासार्हता कमी. माऱ्याखाली सापडलेल्याला धीर टिकवण्याची वेगळी फेक असते, कूलनेस अंडर फायर. ती हुकली की माणूस जमिनीला चिकटतो आणि उरलेल्या चौघांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. पिढ्यान्पिढ्या सैन्यात माणसं पाठवणारं सैनिक टाकळीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे लढाईच्या खेळात भीतीला स्वतःचा फासा असायलाच हवा.

हिशेब वाढतो, हे खरं. पाणी, अन्न, इंधन सगळं लिहावं लागतं. शत्रूच्या धीराची फेक एकेकाची न करता गटाची एकच करावी, नाहीतर जीएम अडकतो. दारूगोळ्याचे फासे नेमाच्या फाशांपेक्षा वेगळ्या रंगाचे घ्यावेत. एकाच रंगाचे असले की सहा कुठला आणि बेरीज कशाची, यावरून दर फेरीला खोळंबा. आणि गोळ्या कागदावर खोडून मोजू नयेत. तिसऱ्या फेरीनंतर कुणी खोडत नाही. वाटी रिकामी झाली की ती सगळ्यांना दिसते.

प्रवासाच्या नकाशावर षटकोन दहा किलोमीटरचा, दिवसाचे चार भाग, प्रत्येकी सहा तास. पन्हाळ्यापासून पावनखिंड पन्नासेक किलोमीटर. पाच षटकोन. कोण चालणार, कोण झोपणार, कोण पहारा देणार, हे दर सहा तासांनी ठरवायचं.

या टेबलाने ट्वायलाइट निवडली. दुसऱ्या मोहिमेत दोन कॅरेक्टर गेले, तिसऱ्या मोहिमेला नवे दोन आले.

(पडद्यावर: रिकामी वाटी. बाजूला पुडी सुटते. चिंचोके पुन्हा मोजले जातात, एक ते तीस.)