आधी काय थांबवायचं? शेतावरच्या अपघातांचा क्रम

(ठाण्यात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण राहता ठाण्यात, कळव्यात नाहीतर घणसोली-ऐरोलीला, आणि जमीन आहे मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे. शनिवार-रविवार गावी फेरी, बाकी दिवस भाऊ किंवा मजूर बघतात. म्हणजे शेतावर हात प्रत्यक्ष दुसऱ्याचे असतात आणि पैसा कुठे घालायचा ते तुम्ही ठरवता. म्हणून हा विषय तुमच्यापुढे.

मी हाडांचा डॉक्टर. भातकापणीच्या दिवसांत माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या विळ्याच्या जखमा. बहुतेक डाव्या हाताची बोटं, कारण त्या हाताने भाताची मूठ धरलेली असते. टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि थोड्या दिवसांत माणूस पुन्हा कामावर. माझं रजिस्टर उघडून क्रम लावला तर विळा पहिला येईल. पण पंपाचा शॉक बसलेला माणूस माझ्या रजिस्टरात येतच नाही, तो थेट शवविच्छेदनाला जातो.

बरं, सरकारी आकडे बघावेत तर तिथेही शेत हरवलेलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात वीज पडून, शॉक लागून, विषबाधेने, बुडून असे रकाने आहेत. पंपाचा शॉक एका रकान्यात, बांधावर पडलेली वीज दुसऱ्यात. यातले शेतावर काम करताना किती गेले, हे त्यातून उमगत नाही. इथे महापे-रबाळेच्या कारखान्यात अपघात होऊन कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर ते कळवणं मालकाला बंधनकारक आहे. शेतावर कोण कोणाला कळवणार?

नुकसानभरपाईचंही तेच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. योजना चांगली आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. लावणीला येणारी कातकरी बाई त्यात कुठेच नाही. ‘आमच्याकडे असं कधी झालंच नाही’ असं मला बागायतदार सांगतात, तेव्हा मी विचारतो, ज्याला झालं तो पुढच्या वर्षी कामाला आला होता का?

तर मग क्रम लावायचा कसा? मी आधी बघतो की यात जीव किंवा हात-पाय जाईल का. मग बघतो, उपाय एकदा करून भागेल की रोज आठवण ठेवावी लागेल. माझा सगळा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. भर पावसात, दुपारी चारला, कंबर मोडलेल्या माणसाला ‘काळजी घे’ सांगून काही होत नाही. खर्चाचा विचार त्यानंतर.

या हिशोबाने माझ्या यादीत पहिला येतो पंप. स्टार्टरचा लोखंडी डबा, ओले हात, चिखलात अनवाणी पाय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. वायरमन एकदा येऊन करून जाईल. पुढे महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबायचं, बस्स.

मग मळणी यंत्र. यावर जरा थांबतो, कारण हात गेलेली माणसं मी बघितली आहेत. भात आत सारायचं जे पत्र्याचं पन्हाळं असतं, ते मानकाप्रमाणे किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातलं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं हवं. हेतू साधा: हात लांब केला तरी ड्रमपर्यंत पोचू नये. यासाठी १९८३ चा केंद्राचा कायदासुद्धा आहे. प्रत्यक्षात मशीन भाड्याची, मीटर तासाचा, मशीन भराभर खावी म्हणून झाकण काढून ठेवलेलं. पेंढा अडकला की माणूस मशीन बंद न करता हातानेच ढकलतो. पट्ट्यावर जाळी नसेल तर पदर किंवा ओढणी आत जाते, आणि पुढे काय होतं ते मी जेवणाच्या वेळी सांगत नाही. जाळी लावायला वेल्डरला फार वेळ लागत नाही.

पॉवर टिलर आपल्या खाचरांत फार आला आहे. धोका रिव्हर्समध्ये: मागे बांध, पाय चिखलात रुतलेला, आणि फिरणारे फाळ पायाकडे येतात. काही बनावटींत रिव्हर्स टाकला की फाळ थांबतात. विकत घेताना मायलेजच्या आधी ते विचारा. ट्रॅक्टरचं म्हणाल, तर स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे जवळजवळ संपले. चालकांना उपदेश करून हे साधलं नसतं.

उपाय बाहेरूनच आणावा लागतो असं नाही. जांभळाची फांदी ठिसूळ, पावसाच्या तोंडावर निसरडी. पालघरमधल्या बहाडोलीचे लोक झाडाभोवती बांबूची परांची बांधून जांभळं काढतात. बदलापूरकडे, मुरबाडकडे जांभूळ-आंबा काढताना अजून पोरगा फांदीवरच चढवतात.

फवारणीबद्दल लोक मला मास्कचा ब्रँड विचारतात. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. उन्हाच्या तडाख्यात मास्क कोणी तासभर ठेवत नाही. भेंडीवाल्यांनी आधी डब्यावरचा त्रिकोण बघावा. लाल त्रिकोणाचं, म्हणजे सगळ्यात विषारी, औषध आणूच नये, मग मास्कचं बोलू.

साप मुद्दाम उशिरा घेतला, कारण भीती त्याचीच सगळ्यात जास्त. भीती खोटी नाही: २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अभ्यास आहे. पण मण्यार चावते ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला. शेतघरात मजुरांना खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी द्या. पंपानंतर लगेच हेच करा, कारण उपाय स्वस्त आहे.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली, मशीनवाला पन्हाळं लावायला तयार नसेल तर? एकट्याने सांगून तो ऐकणार नाही. पाड्यातल्या सगळ्यांनी मिळून एकच मशीन ठरवा. एक गिऱ्हाईक गेलं तर त्याला फरक पडत नाही, अख्खा पाडा गेला तर पडतो. आणि हे आत्ताच करा. दिवाळीच्या सुमाराला भाव त्याचा असतो. आत्ता मशीन शेडमध्ये उभी आहे आणि वेल्डरही मोकळा आहे.