उसाच्या बांधावर दोन मीटर दोरी

(दृश्य: पहाट. पन्हाळ्याच्या पायथ्याचा माळ. दुरून तितराचा आवाज.)

दिवस उगवायच्या आधी तितर ओरडायला लागतो. एकानं साद घातली की पलीकडच्या बांधावरून दुसरा जाब देतो. कुत्र्याला तेवढं पुरतं. नाक जमिनीला टेकतं, शेपूट भराभर हलायला लागतं, मालकाच्या हातातली दोरी ताणली जाते. डाव्या हाताला दहा फुटी ऊस, उजव्या हाताला ओढा, आणि मधे हातभर रुंदीचा बांध.

पूर्वी असं बाहेर पडणं म्हणजे पारध. कोल्हापूर संस्थानात तर पाळलेले चित्ते काळविटावर सोडले जायचे. त्यापुढे कुत्र्यानं तितर उठवणं ही किरकोळ गोष्ट. आता दोन्ही बंद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्यानं काही शिकार चालायची, १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाटही बंद झाली. ‘आम्ही बंदूक कुठं उचलली, कुत्रंच धावलं’ ही सबब चालत नाही. जनावर हुसकावणं, कुत्रं मागं सोडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच. राधानगरी अभयारण्यात तर कुत्रं दोरीला बांधूनही न्यायचं नाही.

पण माणसं कुत्री घेऊन रानात जातातच. कुणी पक्षी बघायला, कुणी फिरायला, कुणी उसाला पाणी पाजायला. आणि तितराच्या मागावर निघालेलं कुत्रं नेमकं त्याच आडोशाला पोचतं, जिथं बिबट्या दिवस काढतो.

(दृश्य: उसाची सरी, आतून. खाली पाचट, वर पानांचं छत.)

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. बिबट्याच्या मादीचा गाभणकाळ साधारण तीन महिन्यांचा. म्हणजे एका उसात ती विते, पिल्लं हिंडती-फिरती करते, आणि शेताच्या मालकाला पत्ता नसतो. सावली आहे, पाटाचं पाणी आहे, उंदीर-घुशी आहेत, डुकरं आहेत. आणि वस्तीवर कुत्री आहेत.

हा शेवटचा मुद्दा नीट ऐका. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या शेतीपट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यानं खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राणी ८७ टक्के निघाले, आणि त्यातली नुसती कुत्री ३९ टक्के. शेळ्या त्यांच्या बऱ्याच खाली. तेव्हा बांधावर बिबट्या समोर आला, तर त्याची नजर बहुतेक वेळा तुमच्यावर नसते. दोरीच्या दुसऱ्या टोकावर असते.

मग ती दोरी कशी असावी? दोन मीटर, जास्त नको. चपटी नायलॉनची किंवा चामड्याची. बटण दाबलं की लांबत जाणारी, चाकातली बारीक दोरी शहरातल्या बागेत ठीक. इथं ती कुत्र्याला पाच मीटर पुढं सोडते आणि झटका बसला की तळहात कापते. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, मुठीत धरायची. नुसत्या गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला छातीपट्टा घ्या. बारकं कुत्रं एका हातानं, न वाकता उचलता येतं. न वाकता, हे महत्त्वाचं. वाकलेला माणूस बिबट्याच्या नजरेला माणसासारखा उंच दिसत नाही.

काटेरी पट्ट्याबद्दल लोक हमखास विचारतात. बिबट्या गळा धरतो, त्यामुळं बाहेर खिळे असलेला रुंद पट्टा पहिली पकड चुकवू शकतो. पण पंजा पाठीवर बसतो, तिथं पट्टा काही करत नाही, आणि तारेच्या कुंपणात तोच पट्टा अडकतो. राखणीच्या कुत्र्याला चांगला. फिरायला नेताना घुंगरू त्याहून उपयोगी. आवाज आला की बिबट्या बहुधा स्वतःच बाजूला होतो.

(दृश्य: उतारावर वाळलेलं गवत. झुळकीनं कलणारी पाती.)

आता वारा. कुत्र्याचं नाक कितीही तिखट असो, मागून येणाऱ्या वाऱ्यात त्याला पुढचं काही कळत नाही. हिवाळ्यात पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली उतरते, उन्हं तापली की उलट वर चढते. म्हणून पहाटे चढ चढताना वारा तोंडावर असतो, कुत्र्याला पुढचं कळतं. तोच चढ दहा वाजता चढलात तर ते आंधळं चालतं. उसाच्या आत वारा पडलेलाच असतो, त्यामुळं तिथं नाकाचा भरवसा नाही.

वास लागलाच, तर तितराचा आणि बिबट्याचा फरक कुत्र्याच्या अंगावर दिसतो. तितराच्या वासावर ते पुढं झुकतं. बिबट्याच्या वासावर मानेपासून शेपटापर्यंत केस उभे राहतात, नाक वर जातं, शेपूट पोटाखाली, आणि घशातल्या घशात गुरगुर. बरीच कुत्री सरळ मालकाच्या पायात शिरतात. तिथं ‘चल रे, काय घाबरतोस’ म्हणून ओढणारा मालक मूर्ख. अर्थात सगळीच अशी शहाणी नसतात. ज्यानं कधी बिबट्या पाहिलाच नाही असं तरणं कुत्रं भुंकत अंगावर जातं.

आणि मोकळं असलं तर खरी गंमत पुढं. ते जातं, समोर काय आहे ते बघतं, आणि शेपूट घालून तुमच्याकडेच परत पळतं. बिबट्या त्याच्या मागं. चंदगड, राधानगरीकडं हेच अस्वलाच्या बाबतीत घडतं, आणि अस्वल कुत्र्यापाशी थांबेलच असं नाही.

खालच्या खुणाही बघाव्यात. ओल्या पाटाकडेला बिबट्याचा ठसा गोलसर, नखांचे टोचे नाहीत, गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. कुत्र्याचा लांबट, नखं उमटलेली. वानराचा खोकल्यासारखा आवाज भरवशाचा. टिटवीवर फार विसंबू नका, ती तुम्हाला बघूनही तेवढाच गोंधळ घालते. तितर एकदम गप्प झाले, तर मात्र थांबून कानोसा घ्यावा.

(दृश्य: बांधाचं वळण. कॅमेरा स्थिर.)

समोर आलाच, तर पळू नका आणि पाठ फिरवू नका. दोरी आखडून कुत्रं पायामागं घ्या. हात वर करा, मोठ्यानं, जाड आवाजात बोला. मग मोकळ्या बाजूला तिरकं मागं सरका. बिबट्याला उसात शिरायची वाट मोकळी ठेवा. बहुतेक अपघात त्याची वाट अडल्यावर होतात, आणि ती अडवतो तो मोबाईल घेऊन जमलेला घोळका.

त्यानं कुत्रं धरलंच, तर दोरी सोडून द्या. हे करायला जड जातं. पण ओढाताणीत दात आणखी फाडत जातात, आणि दोरीच्या या टोकाला तुम्ही असता. लांबून आरडाओरडा करा, बॅटरीचा झोत टाका, दगड भिरकवा. बिबट्या कधी कधी सोडून जातो. हात घालायचा नाही. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

ऊसतोडीत कुत्र्यानं पिल्लू हुडकलं, तर कुत्रं आधी लांब न्या, फडाचं काम थांबवा. पिल्लं हाताळायची नाहीत. वनखातं ती त्याच जागी पेटीत ठेवतं आणि मादी बहुधा रात्री येऊन घेऊन जाते. तिथं माणसं थांबली तर ती येत नाही.

वाचलेल्या कुत्र्याची जखम फसवी असते. वरून चार बारीक भोकं, आत मांस फाटलेलं. मानेची कातडी दाबल्यावर कुरकुर वाजली, तर हवा कातडीखाली शिरली आहे. श्वासनलिका फुटली असावी. मानेला घट्ट पट्टी नको, हळद भरायची नाही, मान सरळ ठेवून डॉक्टरकडं न्या. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर आत रक्त जातंय. आधी लस दिलेली असली तरी रेबीजची जादा मात्रा लागते. माणसाला ओरखडा उठला असेल तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, मग रुग्णालय गाठा: लस त्याच दिवशी सुरू होते, पुढच्या मात्रा ठरल्या दिवशी चुकवायच्या नाहीत, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन.

कुत्रं मारलं गेलं असेल तर बिबट्या दुसऱ्या रात्रीही त्याच जागी येऊ शकतो. दोन-तीन दिवस त्या बांधाला रात्रीचं पाणी पाजायला एकट्यानं जाऊ नये.

आणि वाचलेलं कुत्रं पुढं महिनाभर त्या वळणाशी येऊन बसकण मारेल. त्याला ओढून पुढं न्यायचं नाही. दुसऱ्या बांधानं फिरवायचं.