हरिकेनमध्ये वाऱ्याआधी पाणी बघा
(मंडळाच्या बेळगाव मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळींनो,

बेळगाव, खानापूर, निपाणीहून फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियानाच्या किनाऱ्यावर निघालेली मुलं आणि त्यांचे आईवडील आज इथे बसले आहेत. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आणि कृष्णा-घटप्रभेचा पूर बघितलेल्या माणसाला पावसाची धास्ती वाटत नाही. तिकडे हाच अनुभव फसवतो. नदीचा पूर बहुतेक वेळा चढताना दिसतो, माणसं-जनावरं माळावर न्यायला थोडा वेळ मिळतो. हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या चक्रीवादळाचा वारा मात्र समुद्रच जमिनीवर ढकलतो, आणि ते पाणी काही तासांत घरात शिरतं. त्याला तिकडे स्टॉर्म सर्ज म्हणतात.

टीव्हीवर कॅटेगरी 1 ते 5 ऐकाल. ती फक्त वाऱ्यावरून ठरते: ताशी 119 किलोमीटरला 1, 178 ला 3, 252 ला 5. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. 1969 चं कमिल मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कॅटेगरी 5 होतं, 2005 चं कट्रिना जमिनीवर आलं तेव्हा 3. तरीही कट्रिनाचं पाणी जास्त चढलं, जवळपास 28 फूट. कमिलमध्ये आपल्याला काही झालं नाही, या भरवशावर घरात थांबलेली माणसं त्यात गेली. 2018 चं फ्लोरेन्स तर कॅटेगरी 1 म्हणून आलं आणि रेंगाळून उत्तर कॅरोलिनात काही ठिकाणी 30 इंचांवर पाऊस पाडून गेलं. ‘एकच नंबरचं आहे’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी त्या पत्त्याचा इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे वादळात रिकामा करायचा भाग, काउंटीच्या (तिकडच्या जिल्ह्याच्या) संकेतस्थळावर बघा. फ्लोरिडात ए झोन सगळ्यात आधी रिकामा करतात. विम्यासाठी ठरवलेला पुराचा भाग, म्हणजे फ्लड झोन, वेगळा असतो. दोन्ही एकच समजण्याची चूक नवखी माणसं हमखास करतात.

नकाशावरचा पसरत जाणारा पट्टा हा वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग असतो, वादळाचा आकार नव्हे. शिवाय साधारण तीनांत एकदा केंद्रच त्या पट्ट्याबाहेर जातं. ताशी 63 किलोमीटरचा वारा पोचण्याच्या सुमारे 48 तास आधी ‘वॉच’ (वादळ येऊ शकतं) आणि 36 तास आधी ‘वॉर्निंग’ (वादळ येणार) देतात. तो वारा सुरू झाल्यावर शिडीवर चढता येत नाही, गाडी चालवणं धोक्याचं होतं. बाहेरची सगळी कामं त्याआधीच उरका.

निघायचा आदेश आला की निघा. शेकडो मैल पळायची गरज नसते. झोनबाहेरचं पक्कं घर पुष्कळ असतं. 2005 मध्ये रिटाच्या वेळी ह्यूस्टनहून लाखो लोक एकदम निघाले आणि उन्हात, अडकलेल्या गाड्यांमध्ये कितीतरी जीव गेले. जून ते नोव्हेंबर, या हरिकेनच्या मोसमात, गाडीची इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहत असाल तर झोन कुठलाही असो, तिथे थांबू नका.

झोनबाहेर असाल, घर भक्कम असेल, तर थांबता येतं. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी धरा. चौघांना सात दिवसांसाठी 28 गॅलन लागतात. बाथटबही भरून ठेवा. नळ गेल्यावर फ्लशला ते पाणी कामाला येतं. बऱ्याच फ्लॅटमध्ये शेगडी विजेची असते, त्यामुळे डाळ-तांदळाचा साठा वीज गेल्यावर उपयोगाचा नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दडपे पोहे, गूळ-शेंगदाणे, फळं हे बरं. दार न उघडल्यास फ्रिज चार तास, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास थंड राहतो. खिडकीला चिकटपट्ट्या लावून काच वाचत नाही. शटर नाहीतर पाऊण इंचाला जरा कमी, पाच-अष्टमांश इंची प्लायवुड लागतं. वारा चालू असताना बिनखिडकीच्या आतल्या खोलीत बसा. मधेच सगळं शांत झालं तर तो वादळाचा डोळा, म्हणजे केंद्रातला शांत भाग, असू शकतो. थोड्याच वेळात उलट्या दिशेने वारा सुटतो.

वादळ ओसरल्यावरही माणसं मरतात, आणि हे टाळता येण्यासारखं असतं. जनरेटर घरात, गॅरेजात, गॅलरीत कधीच नको. दारं-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब हवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोळशाची शेगडीही आत पेटवू नका. वाहत्या पाण्यात सहा इंचांत माणूस पडतो, फूटभरात लहान गाडी वाहून जाते.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो, म्हणून मे महिन्याआधीच घ्या. भाडेकरूलाही सामानापुरता तो मिळतो. पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, औषधं, रोकड पाणी न लागणाऱ्या पिशवीत असू द्या.

आईबाबांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. बेळगावात सगळ्या नातलगांसाठी एकच माणूस ठरवा. मुलं फक्त त्यालाच कळवतील. बातम्या बघून दहाजणांनी फोन केले तर त्यांची बॅटरी संपते. फोन लागत नसला तरी मेसेज अनेकदा पोचतो. वादळाच्या मोसमात बहुतेक काळ मायामीची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, ह्यूस्टनची साडेदहा. आपल्या सकाळी उत्तर आलं नाही, तर तिकडे रात्र आहे हे लक्षात ठेवा.