दोन्ही हात

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार ही स्टेशनं लागतात. खानदेशाच्या या पश्चिम टोकाला रविवारी गावोगावी ख्रिस्ती उपासना भरते. संदेश संपला तरी लोक लगेच उठत नाहीत. पाळकांभोवती, म्हणजे आपल्या धर्मगुरूंभोवती, थांबतात. कुणाचं लेकरू तापलंय, कुणाच्या घरी सोयरिकीची बोलणी, कुणाचा बांधावरून भाऊबंदाशी तंटा. रात्री-अपरात्री दार कुणाचं ठोठवायचं, हे गावाला ठाऊक असतं. मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, खरा अधिकार हाच. कमिटीच्या ठरावानं तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

मग तो पुढच्याच्या हाती द्यायचा कसा?

बायबलच्या गणना या पुस्तकात, 27 व्या अध्यायात, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे म्हातारा झालाय. देवानं वचन दिलेल्या कनान देशात आपण जाणार नाही, हे त्याला कळलंय. तिथे तो स्वतःसाठी काही मागत नाही. लोक मेंढपाळाविना उरलेल्या मेंढरांसारखे होऊ नयेत, म्हणून त्यांच्यावर कुणाला तरी नेम, एवढंच देवाला विनवतो. मोशेला दोन मुलगे होते. निवड झाली यहोशवाची, म्हणजे दुसऱ्याच वंशातल्या, इतकी वर्षं त्याची सेवा केलेल्या माणसाची. पाळकाचा मुलगाच पुढचा पाळक, ट्रस्टही त्याच घरात, असं जिथे गृहीत धरलं जातं, तिथे हा अध्याय मोठ्यानं वाचायला हवा.

देव म्हणतो, अधिकार सोपवण्यासाठी त्याच्यावर तुझा हात ठेव. मोशे दोन्ही हात ठेवतो. सांगितलं त्याहून जास्त देतो, तेही सगळ्या मंडळीसमोर, स्वतः धडधाकट असताना.

आपल्याकडे हा प्रश्न एका पाळकापुरता कधीच नव्हता. इथली बरीचशी कामं परदेशी मिशनऱ्यांनी उभी केली. 1910 मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत तमिळ ख्रिस्ती सेवक व्ही. एस. अझरया उभे राहिले. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांनी कृतज्ञता सांगितली आणि मग प्रेम मागितलं, मित्र मागितले. समोर बसलेल्यांना ते ऐकणं जड गेलं. पण 1912 मध्ये तेच अझरया दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. पुढे 1970 च्या सुमारास मिशनची अनेक रुग्णालयं इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे येऊ लागली. आपल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालयही आज तिचंच आहे.

रजिस्टरं आणि किल्ल्या एका दिवसात देता येतात. अवघड असतं ते त्यानंतरचं. निवृत्त पाळक त्याच गावात राहतात आणि लोक सवयीनं त्यांच्याच अंगणात येतात. "बाबा, नवे पाळक अजून लहान आहेत, तुम्हीच प्रार्थना करा." हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? पण त्या क्षणी म्हाताऱ्यानं काय करावं, यावर नव्याचं सगळं काम अवलंबून असतं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य असंच गाऱ्हाणं घेऊन आले होते: सगळे लोक आता त्या येशूकडे जातात. योहानानं उत्तर दिलं, "त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे."

योहान हे येशूविषयी बोलला, आणि कुठलाही पाळक येशू नव्हे. तरी अंगणात आलेल्या माणसाला "चला, मीही येतो" म्हणत नव्या पाळकांच्या दारापर्यंत घेऊन जाणं कुठल्याही म्हाताऱ्या सेवकाला जमण्यासारखं आहे. तिथे गेल्यावर प्रार्थना नव्यानं करायची. आपण आमेन म्हणायचं.