टोबॅगो केज: पाणी शांत दिसतं, पण ओढ कुठे असते?

नमस्कार. आधी एक घोळ मिटवू. टोबॅगो केज टोबॅगोत नाहीत! कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या देशात, मायरो बेटाच्या पूर्वेला ही पाच निर्मनुष्य बेटं आहेत. १९९७ पासून हे सागरी उद्यान आहे. वस्ती नाही, धक्का नाही. जहाज नांगरून राहतं आणि पुढचा प्रवास रबरी होडीने.

होडीत चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी आधी द्या. खलाशाचं मनगट धरा, नुसता पंजा घामाने किंवा पाण्याने निसटतो. किनाऱ्यावर पुढच्या टोकावरून उडी मारू नका, मागची लाट होडीच तुमच्या पायांवर ढकलते. कडेवर बसा, खलाशी सांगेल तेव्हाच पाय बाहेर टाका.

आता स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हॉर्सशू रीफ, म्हणजे इथली प्रवाळांची रांग, घोड्याच्या नालेसारखी आहे. अटलांटिकच्या लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी निवांत दिसतं. पण फुटलेल्या लाटांचं पाणी रीफ ओलांडून आत येतं आणि पश्चिमेकडे वाट काढतं. वाराही बहुतेक वेळा पूर्वेचाच. म्हणजे दोघंही तुम्हाला एकाच दिशेला नेतात. मासे बघत तरंगत राहिलात की वीस मिनिटांनी होडी लांब, आणि परतीचं सगळं पोहणं ओढीविरुद्ध.

म्हणून उतरल्यावर होडीजवळच अर्धा मिनिट हातपाय न हलवता तरंगा. जिकडे सरकाल, त्याच्या उलट दिशेने सुरुवात करा. दमल्यावर ओढच तुम्हाला परत आणेल. तरीही वाहत गेलात तर झगडू नका: पाठीवर तरंगा, एक हात वर करा, होडी येईल. पेटी रॅमो आणि पेटी बाटो या बेटांमधल्या खाडीत मात्र पोहायला जाऊच नका. तिथे ओढ जोरदार असते आणि बोटींची ये-जाही.

मास्कमध्ये पाणी शिरतंय? पट्टा आवळून उपयोग नाही. बऱ्याचदा कारण मिशी असते, नाहीतर कडेखाली अडकलेले केस.

बाराडाल बेटाजवळ बोयांनी (तरंगत्या खुणांनी) आखलेला भाग हिरव्या समुद्री कासवांचा. ती तळाचं सागरी गवत खातात, म्हणून त्यावर नांगर टाकायचा नाही, गवत मुळासकट उपटतं. कासवाच्या डोक्यावर तरंगू नका, श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. बाजूला राहा. त्याने चरणं थांबवून जागा बदलली, तर तुम्ही फार जवळ गेला आहात.