निळा कागद आणि ‘उद्ध्वस्त’

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातील शाळेची पडवी. मिरगाचा पाऊस कौलांवर असा कोसळतो आहे की, चित्रीकरणात पाचवीतल्या मुलाचे वाचन टिपण्यासाठी माईक त्याच्या हनुवटीपर्यंत न्यावा लागला. ओळ सुरळीत चाललेली असताना ‘उद्ध्वस्त’ हा शब्द येतो आणि मुलगा थांबतो. तो आवंढा गिळतो, एक बोट त्या जोडाक्षरावर दाबून धरतो, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर नाडीचा आकडा वर सरकू लागतो.

आता पानावर निळा पारदर्शक कागद ठेवला जातो. स्टेशनरीच्या दुकानातला हा साधा कागद आहे. मात्र याच्याखाली अक्षरे स्थिर दिसतात, असे मुलाला सांगण्यात आले आहे. (पालकांची आणि गुरुजींची संमती आधीच घेतली होती.) तो तोच उतारा पुन्हा वाचतो. या वेळी अडखळणे कमी आहे, आवाज मोकळा आहे आणि नाडीही उतरली आहे.

येथेच सावध व्हायला हवे. दुसऱ्यांदा वाचलेला उतारा बहुधा पहिल्यापेक्षा बरा जातोच आणि कॅमेऱ्याची भीतीही तोवर ओसरलेली असते. त्यामुळे आपण जे पाहिले त्यात कागदाचा वाटा किती, सरावाचा किती आणि विश्वासाचा किती, हे या दृश्यावरून ठरवता येणार नाही. निव्वळ विश्वासातून येणाऱ्या बदलाला प्लासिबो परिणाम म्हणतात, आणि तो वेगळा काढायचा तर तुलना करावी लागते.

अशी तुलना झालेली आहे. वाचनातील काही अडचणींचे मूळ प्रकाशाच्या त्रासात असून रंगीत फिल्टरने त्या दूर होतात, असा दावा अमेरिकेतील हेलन आयर्लेन यांनी १९८० च्या दशकात मांडला. एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचनात मागे असलेली ६१ मुले घेतली; आयर्लेन यांच्या पद्धतीच्या तपासनीसाने त्यांपैकी ७७ टक्के मुलांना हा दोष असल्याचे सांगितले. प्रत्येक मुलाने त्याला नेमून दिलेल्या रंगाखाली, दुसऱ्याच एका रंगाखाली आणि बिनरंगी कागदाखाली वाचून पाहिले, तेव्हा नेमलेल्या रंगाने वाचन सुधारल्याचे दिसले नाही.

पण तेवढ्यावरून विश्वासाला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकूनही चालत नाही. दाढ काढलेल्या रुग्णांवरील १९७८ च्या अमेरिकी अभ्यासात, प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या उपचाराने, वेदना कमी झालेल्यांना नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांना रोखणारे औषध देताच वेदना पुन्हा वाढली. शरीर स्वतःच वेदनाशामक तयार करीत असल्याची ही खूण होती. मोठ्याने वाचताना भीतीने छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो आणि लक्ष अक्षरांवरून समोरच्या चेहऱ्यांकडे जाते. ती भीती कागदाने उतरो किंवा आजीने कपाळाला लावलेल्या ग्रामदेवतेच्या अंगाऱ्याने, जे आधीच येत होते ते मोकळे होते. न येणारे जोडाक्षर मात्र त्यामुळे येत नाही.

याच किनारपट्टीच्या उत्तरेला, महाडमध्ये, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाब उतरवणारे औषध वापरून अनेक रुग्ण वाचवले. विंचू उतरवणाऱ्याच्या मंत्राने ठणका सुसह्य झाला असेलही, परंतु विषाने रक्तदाब भडकून फुप्फुसांत पाणी भरू लागले की तेथे मंत्राची मात्रा चालत नाही.

चित्रीकरणानंतर मुलाला कागदाचे खरे काय ते सांगितले. त्याने तो मागून घेतला आणि दप्तरात ठेवला. हे वाटते तितके विचित्र नाही. हार्वर्डच्या टेड कॅप्चुक यांच्या चमूने २०१० मध्ये आतड्याच्या विकाराच्या ८० रुग्णांपैकी काहींना, ‘या गोळ्यांत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या होत्या, आणि तीन आठवड्यांत त्यांना गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम वाटला होता.

गुरुजींनी फळ्यावर द, ध आणि व सुटे लिहिले आहेत. मुलगा एकेक अक्षर पुटपुटतो, तिन्ही एका श्वासात जोडतो आणि पुढे ‘स्त’वर पुन्हा किंचित अडखळतो.